दोन सर्व्हर, एक शिरोलीत, एक शाहूपुरीत: यातला प्रायमरी कोणता हे खात्रीनं कसं ओळखायचं?

पुलापलीकडचा

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीचं कॉम्प्युटरचं काम मी बघतो. हीटच्या (भट्टीतल्या प्रत्येक वितळणीच्या) नोंदी, काट्यावरचं वजन, गेट पास, चलनं, बिलं असं सगळं एकाच पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये आहे, आवृत्ती १५. एक सर्व्हर कारखान्यात आणि दुसरा शाहूपुरीतल्या ऑफिसात. दोघांत स्ट्रीमिंग रेप्लिकेशन, म्हणजे एकावर (प्रायमरी) लिहायचं आणि दुसऱ्याकडं (स्टँडबाय) त्याची नक्कल सतत जात राहते. ज्यांनी बसवून दिलं त्यांनी मशीनना 'मुख्य' आणि 'राखीव' अशी नावं दिली आणि सगळ्या स्क्रिप्टांमध्ये तीच नावं घातली.

गेल्या पावसाळ्यात खोदकामात केबल तुटली. कारखाना दिसेना म्हणून ऑफिसातून 'राखीव'ला प्रमोट केलं, म्हणजे लिहिता प्रायमरी बनवलं, आणि बिलिंग चालू राहिलं. पुढं 'मुख्य'वर नवीन बेस बॅकअप (डेटाची पूर्ण प्रत) चढवून त्याला स्टँडबाय म्हणून जोडून दिलं. आता 'राखीव' नावाचं मशीन प्रायमरी आहे आणि 'मुख्य' स्टँडबाय. रात्रीचा पीजी_डंप (बॅकअप) आणि महिन्याचे जड रिपोर्ट 'राखीव'वर ठेवलेले, ते आता चालू प्रायमरीच्या मानगुटीवर बसतात. जुन्या नोंदी साफ करणारी स्क्रिप्ट 'मुख्य'वर जाते आणि रीड-ओन्ली ट्रान्झॅक्शनमध्ये डिलीट चालत नाही असा एरर देऊन रोज थांबते.

नावं अदलाबदल करून उपयोग नाही, पुढच्या पावसाळ्यात परत उलटं होणार. स्क्रिप्टनं स्वतःच सर्व्हरला 'तू आत्ता कोण आहेस' असं विचारावं आणि मग पुढं जावं, असं मला हवंय. आमच्या दुसऱ्या युनिटमध्ये मायएसक्यूएल आहे, त्याबद्दलही कुणी सांगितलं तर बरं होईल.

उद्यमनगरी

भावा, पोस्टग्रेसचं उत्तर एका ओळीत हाय. सर्व्हरवर जाऊन हे चालव:

सिलेक्ट पीजी_इज_इन_रिकव्हरी();

टी (ट्रू) आलं तर स्टँडबाय, एफ (फॉल्स) आलं तर प्रायमरी. आवृत्ती ९.० पासून, म्हणजे २०१० पासून हे फंक्शन हाय. वेगळी परवानगी बी लागत न्हाई.

पुलापलीकडचा

चालवून बघितलं. 'राखीव'वर एफ, 'मुख्य'वर टी. म्हणजे एवढंच पुरे?

विद्यानगरी

रोजच्या स्क्रिप्टांना पुरेल. पण तुमच्या प्रश्नात 'खात्रीनं' हा शब्द आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हे फंक्शन फक्त एवढंच सांगतं की हा सर्व्हर दुसरीकडून आलेला वॉल (बदलांची नोंदवही) वाचत, रिकव्हरीच्या अवस्थेत आहे की नाही. टी म्हटल्यावर त्यावर लिहिता येणार नाही हे पक्कं. मात्र बॅकअपमधून एखाद्या जुन्या वेळेपर्यंत डेटा परत आणत असाल, तर तोही सर्व्हर तोवर टीच म्हणतो. तो कुणाचाच स्टँडबाय नसतो.

एफचं प्रकरण जास्त नाजूक आहे. एफ म्हणजे 'मी रिकव्हरीत नाही'. तुमच्या सगळ्या व्यवस्थेचा प्रायमरी तोच, असा त्याचा अर्थ होत नाही. कुणी टेस्टिंगसाठी बेस बॅकअपवरून वेगळं मशीन उभं केलं तर तेही एफ म्हणतं. लॉजिकल रेप्लिकेशन असेल (आवृत्ती १० पासून आहे) तर पाठवणारा आणि घेणारा दोघंही एफ म्हणतात, कारण घेणारा सर्व्हर रिकव्हरीत नसतोच, तो स्वतंत्र लिहिता सर्व्हर असतो. तिथं पीजी_सबस्क्रिप्शन बघावं लागतं.

आता लोक ज्या इतर खुणांवर विसंबतात त्या एकेक करून बघू.

पीजी_स्टॅट_रेप्लिकेशनमध्ये ओळी दिसल्या की प्रायमरी, असं बरेचजण धरून चालतात. ९.२ पासून स्टँडबायला दुसरा स्टँडबाय जोडता येतो, त्यामुळं मधल्या स्टँडबायवरही तिथं ओळी दिसतात. पीजी_बेसबॅकअप चालू असताना त्याचीही ओळ तिथं येते. उलट प्रायमरीला त्या घटकेला कुणीच जोडलेलं नसेल तर हा व्ह्यू रिकामा असतो.

पीजी_स्टॅट_वॉल_रिसिव्हर रिकामा म्हणजे प्रायमरी, हेही चूक. केबल तुटलेल्या स्टँडबायवर तो रिकामाच असतो. नेमकी तेव्हाच तर आपल्याला भूमिका ओळखायची असते. केबल शाबूत असताना मात्र त्यातलं सेंडर_होस्ट उपयोगी आहे, हा स्टँडबाय आत्ता कुणाकडून घेतोय ते कळतं.

पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फमध्ये प्रायमरी_कॉनइन्फो (कुणाकडून घ्यायचं तो पत्ता) दिसतंय म्हणून स्टँडबाय, हे तर अजिबात धरू नका. प्रमोट झाल्यावरही ती ओळ फाईलमध्ये तशीच राहते, फक्त तिचा परिणाम संपतो. आवृत्ती १२ पासून ठरवते ती डेटा डिरेक्टरीतली स्टँडबाय.सिग्नल नावाची रिकामी फाईल. प्रमोट झालं की सर्व्हर ती स्वतः काढून टाकतो. या फाईलबद्दल एक कळकळीचं सांगणं: बंद स्टँडबायवरून ही फाईल कुणी 'रिकामी आहे, कशाला हवी' म्हणून उडवली आणि सर्व्हर चालू केला, तर तो सरळ लिहिता होऊन उभा राहतो. एरवी प्रमोट झाल्यावर वाढणारा टाइमलाइनचा नंबरसुद्धा वाढत नाही. मग दोन प्रायमरी एकाच टाइमलाइनवर, आणि वरवर बघून फरक कळायला काही मार्ग राहत नाही.

करवीरकन्या

+१. सर्व्हर बंद असेल तर काय, हे राहिलं. तेव्हा एसक्यूएल चालत नाही, पण पीजी_कंट्रोलडेटा चालतं. त्यात 'डेटाबेस क्लस्टर स्टेट' अशी ओळ येते. 'शट डाऊन' असेल तर बंद होताना तो प्रायमरी होता, 'शट डाऊन इन रिकव्हरी' असेल तर स्टँडबाय. चालू असताना अनुक्रमे 'इन प्रॉडक्शन' आणि 'इन आर्काइव्ह रिकव्हरी'. अंधारात दोन मशीनं घेऊन बसल्यावर आधी कोणतं चालू करायचं हे मी यावरून ठरवते.

लॉगिन मिळत नसेल पण लिनक्सवर शिरता येत असेल तर प्रोसेसची यादी बघा. स्टँडबायवर 'स्टार्टअप रिकव्हरिंग' आणि पुढं वॉल फाईलचा लांबलचक नंबर असलेली प्रोसेस दिसते. प्रायमरीवर ती नसते.

उद्यमनगरी

हे माहीत नव्हतं ताई. टिपून ठेवलं.

मिरजकर तिकटी

मायएसक्यूएलचं मी सांगतो. तिथं पोस्टग्रेससारखा एक होय-नाही असा ध्वज नाही, हे आधी मनात पक्कं करा. एकच सर्व्हर एकाकडून घेत असतो आणि दुसऱ्याला देत असतो, आणि त्यावर त्याच वेळी थेट लिहिताही येतं. त्यामुळं दोन-तीन गोष्टी मिळून चित्र बनतं.

शो रेप्लिका स्टेटस चालवा (८.०.२२ च्या आधीच्या आवृत्त्यांवर शो स्लेव्ह स्टेटस. ही जुनी आज्ञा ८.४ मध्ये काढून टाकलीय, जुन्या स्क्रिप्टा तिथं मोडतात). काहीच आलं नाही तर हा कुणाचा रेप्लिका (घेणारा सर्व्हर) म्हणून बांधलेला नाही. ओळ आली तर बांधलेला आहे, पण घेतोय का हे आयओ आणि एसक्यूएल अशा दोन्ही धाग्यांपुढं 'येस' आहे का त्यावरून कळतं. थांबलेल्या रेप्लिकाचीही ओळ येते, म्हणून नुसती ओळ मोजणारी स्क्रिप्ट लिहू नका.

शो प्रोसेसलिस्टमध्ये 'बिनलॉग डंप' दिसलं तर याच्याकडून कुणीतरी घेतंय.

तिसरी गोष्ट रीड_ओन्ली. हा नुसता सेटिंगचा मामला आहे. कुणीतरी ठरवून लावलेला असतो, सर्व्हर भूमिकेवरून तो आपोआप बदलत नाही. शिवाय साध्या रीड_ओन्लीला सुपर अधिकार असलेला युजर जुमानत नाही, त्यासाठी ५.७ पासून सुपर_रीड_ओन्ली आहे. आमच्याकडची पद्धत अशी: दोन्ही मशीनच्या कॉन्फिग फाईलमध्ये सुपर_रीड_ओन्ली चालू लिहिलेलं. प्रमोट करणारी स्क्रिप्ट ते चालू सर्व्हरवर तात्पुरतं बंद करते, सेट पर्सिस्ट वापरत नाही. त्यामुळं वीज जाऊन कोणतंही मशीन परत आलं तरी ते लिहिण्यासाठी बंद अवस्थेतच उठतं आणि माणसानं बघून उघडावं लागतं. रात्री महावितरणचा फीडर ट्रिप झाला की एक फोन वाढतो, पण जुना प्रायमरी आपणहून लिहायला बसत नाही.

रेप्लिकावर भलतंच कुणी लिहून गेलंय का हे बघायला जीटीआयडी (प्रत्येक ट्रान्झॅक्शनला मिळणारा वेगळा नंबर) चालू असेल तर जीटीआयडी_सबट्रॅक्ट आहे. रेप्लिकाच्या संचातून सोर्सचा (देणाऱ्या सर्व्हरचा) संच वजा करा, काही उरलं तर ते तिथंच लिहिलं गेलेलं आहे. ग्रुप रेप्लिकेशन असेल तर काम सोपं, परफॉर्मन्स स्कीमात रेप्लिकेशन_ग्रुप_मेंबर्सच्या मेंबर_रोल या रकान्यात प्रायमरी किंवा सेकंडरी सरळ लिहिलेलं असतं.

तांबडा_पांढरा

ओरॅकलवाल्यांसाठी: व्ही$डेटाबेसमधला डेटाबेस_रोल. रेडिससाठी: रोल ही आज्ञा, २.८.१२ पासून.

पुलापलीकडचा

सगळ्यांचे आभार. मिरजकर तिकटी, दुसऱ्या युनिटला सुपर_रीड_ओन्लीची ही पद्धत लावून घेतो.

मी असं लिहिलंय, बघा बरं. दोन्ही मशीनवर एकच क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम). सुरुवातीला स्थानिक सॉकेटवरून, म्हणजे त्याच मशीनवरच्या सर्व्हरला थेट, पीजी_इज_इन_रिकव्हरी विचारायचं. टी असेल तर डंप घ्यायचा, एफ असेल तर गुपचूप बाहेर पडायचं. साफसफाईच्या स्क्रिप्टला उलट.

करवीरकन्या

स्थानिक सॉकेटवरून विचारताय हे फार चांगलं. बरेचजण हेच विचारणं एचएप्रॉक्सी (जोडणी पुढं पाठवणारा मध्यस्थ) किंवा तरंगत्या आयपीवरून करतात. तिथं उत्तर येतं ते मागं जो असेल त्याचं, आणि आपण समजतो समोरच्या मशीनचं. आयपीवरून जावंच लागलं तर त्याच क्वेरीत इनेट_सर्व्हर_ॲड्रसुद्धा विचारा, म्हणजे उत्तर देणारा कोण ते कळेल. सॉकेटवरून जोडल्यावर ते रिकामं येतं, घाबरू नका.

पण डंपच्या स्क्रिप्टमध्ये एक भोक आहे. स्टँडबाय बंद पडला तर? उरलेला एकटा एफ म्हणणार आणि गुपचूप बाहेर पडणार. डंप कुणीच घेणार नाही, एररही येणार नाही. बॅकअप नाही हे कळेल ते बॅकअपची गरज लागेल त्या दिवशी.

तुमची आवृत्ती १५ आहे, तेव्हा असं करा. जोडणीच्या मजकुरात दोन्ही होस्ट लिहा आणि टार्गेट_सेशन_ॲट्र्सला प्रेफर-स्टँडबाय द्या. हा पर्याय १४ पासून आहे. स्टँडबाय असेल तर तिथं, नसेल तर प्रायमरीवर जाऊन डंप होईल. पीजी_डंप हे लिबपीक्यूवरच (पोस्टग्रेसला जोडून देणाऱ्या लायब्ररीवर) चालतं, त्यामुळं त्याला हा मजकूर चालतो. साफसफाईला तिथंच प्रायमरी असं लिहा. मग तपासणी आणि काम एकाच जोडणीत होतं. आधी एका जोडणीनं विचारायचं आणि दुसऱ्या जोडणीनं काम करायचं, यामध्ये जो क्षण जातो त्यात फेलओव्हर (स्टँडबाय प्रायमरी होणं) होऊ शकतो.

क्रॉन अर्थात एकाच ठिकाणाहून चालवा, नाहीतर दोन डंप होतील. आणि डंपची सगळ्यात ताजी फाईल किती जुनी आहे, हे बघणारा वेगळा अलार्म लावाच.

विद्यानगरी

दोन पुरवण्या. रीड-राइट आणि प्रायमरी हे दोन पर्याय एकच नाहीत. प्रायमरीवर कुणी डीफॉल्ट_ट्रान्झॅक्शन_रीड_ओन्ली चालू केलं असेल तर तो प्रायमरी आहे, पण रीड-राइट नाही.

दुसरं, स्टँडबायवर लांबलचक डंप घेताना तो मध्येच रद्द होऊ शकतो, कारण मॅक्स_स्टँडबाय_स्ट्रीमिंग_डिले मुळात ३० सेकंदच असतं. प्रायमरीकडून आलेली साफसफाई आणि तुमची क्वेरी यांची टक्कर झाली की तुमची क्वेरी मरते. डंपपुरतं ते वाढवून ठेवा.

आता मला तुमच्या त्या केबल तुटलेल्या दिवसाबद्दल विचारायचंय. 'राखीव' प्रमोट केलं तेव्हा कारखान्यातला 'मुख्य' बंद होता का?

पुलापलीकडचा

ऑफिसातून तो दिसत नव्हता. कारखान्यातली वीज नंतर गेली. यूपीएसवर काटा आणि गेट काही वेळ चालूच होतं असं गेटवाले म्हणतात.

विद्यानगरी

मग तेवढा वेळ तुमच्याकडं दोन प्रायमरी होते. दोघांनाही विचारलं असतं तर दोघंही एफ म्हणाले असते आणि दोघंही आपापल्या परीनं खरंच बोलत होते. पुढं 'मुख्य'वर बेस बॅकअप चढवला म्हणजे त्यानं त्या वेळात लिहिलेलं पुसलं गेलं.

त्या दिवसाच्या आसपास चलनांच्या नंबरात खिंडार आहे का, बघाल का?

पुलापलीकडचा

आहे. चलनाचा नंबर एकदम पुढं उडाला होता. अकाउंटंट तेव्हापासून मागं लागलेत, कारण जीएसटीच्या नियम ५५ प्रमाणे चलनाला अनुक्रमांक हवा आणि मधले नंबर सिस्टीममध्ये कुठंच नाहीत. बसवणाऱ्यांनी 'फेलओव्हरला असं होतंच' म्हणून सांगितलं.

विद्यानगरी

त्यांचं म्हणणं खरं आहे, पण अर्धं. पोस्टग्रेस सीक्वेन्सचा (आपोआप पुढचा नंबर देणाऱ्या मोजणीचा) प्रत्येक नंबर वॉलमध्ये लिहीत नाही. एकदम ३२ नंबर पुढचं लिहून ठेवतो आणि तेवढे मग बिनबोभाट वाटतो. स्टँडबायला ते पुढचंच टोक माहीत असतं, म्हणून प्रमोट झाल्यावर तो तिथून सुरू करतो आणि मध्ये खिंडार पडतं. काहीच हरवलेलं नसताना असं खिंडार पडू शकतं.

पण तुमच्या बाबतीत केबल तुटल्यावरही 'मुख्य' त्याच राखून ठेवलेल्या नंबरांमधून चलनं देत होता. त्यानं थोडीच दिली असतील तर ती बरोबर त्या खिंडारात बसतात. नंबर एकमेकांवर आपटले नाहीत, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. गेटवरच्या कागदी कार्बन प्रती काढून बघा. सिस्टीममध्ये नसलेले नंबर कागदावर सापडले तर तो माल गेलाय आणि त्याची नोंद पुसली गेलीय.

पुलापलीकडचा

आत्ता गेटवरून येतोय. खिंडारातले सुरुवातीचे नंबर कागदावर आहेत. गाड्यांचे नंबर, ड्रायव्हरच्या सह्या, काट्याचं वजन, सगळं आहे. सिस्टीममध्ये यातलं एकही नाही. उरलेले नंबर खरोखरच कधी दिलेले नाहीत.

विद्यानगरी, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. मालकांना सांगितलंय. उद्या अकाउंटंटसोबत बसून कागदावरून नोंदी घालतो आणि ज्यांना माल गेला त्यांच्या खात्याशी ताळा करतो.

उद्यमनगरी

बाप रे. एका ओळीच्या उत्तरानं हे कधीच कळलं नसतं.

खासबाग

इतका वेळ वाचत होतो. यापुढं अशी वेळ आलीच तर लगेच बेस बॅकअप किंवा पीजी_रिवाइंड चालवू नका. रिवाइंडही जुन्या प्रायमरीचं स्वतःचं लिखाण टाकूनच त्याला नव्याच्या वाटेवर आणतो. आधी त्या मशीनची नेटवर्क केबल काढा, डेटा डिरेक्टरीची प्रत घ्या, प्रमोशननंतरच्या नोंदी वेगळ्या काढा, मग पुढं. रिवाइंड चालायला वॉल_लॉग_हिंट्स किंवा डेटा चेकसम आधीपासून चालू असावे लागतात, ते आजच तपासून ठेवा.

आणि डेटा डिरेक्टरीला हात लावण्याआधी भूमिका तपासायची सवय हातालाच लागली पाहिजे. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या कंपनीत काय झालं ते त्यांनी स्वतः जाहीर लिहिलंय. सेकंडरी मागं पडला होता, तो नव्यानं भरायचा म्हणून त्याची डेटा डिरेक्टरी रिकामी करायला घेतली आणि आज्ञा चालली प्रायमरीवर. एक-दोन सेकंदात थांबवली, तोवर ३०० जीबीच्या आसपासच्या डेटातले साडेचार जीबी उरले होते. रोजचा पीजी_डंप तर ९.६ च्या डेटाबेसला ९.२ ची फाईल वापरत असल्यामुळं निकामीच होत होता. सुमारे सहा तासांपूर्वीचा स्नॅपशॉट होता म्हणून निभावलं, पण तेवढ्या वेळातला डेटा गेला. तेव्हा रात्री उशीर झाला होता आणि माणूस दमलेला होता. अशा वेळी होस्टनेम वाचून डोळा फसतो. म्हणून आमच्याकडं डिरेक्टरी पुसायची ती एका छोट्या स्क्रिप्टमधूनच. ती पीजी_कंट्रोलडेटा वाचते आणि 'इन प्रॉडक्शन' किंवा 'शट डाऊन' दिसलं की नकार देते.

चिखली रोड

मग पॅट्रोनी का लावत नाही? फेलओव्हर आपोआप होईल, ही डोकेदुखीच जाईल.

खासबाग

दोन मशीनवर आपोआप फेलओव्हरला माझा ठाम विरोध आहे. समोरचा मेलाय की फक्त दिसत नाही, हे दोघांपैकी एकालाही ओळखता येत नाही. तारेच्या दोन टोकांना उभे राहून दोघंही तेच बघतात. इथं माणसाला फोन करून गेटवर विचारता आलं असतं, मशीनला तेही नाही. मोठमोठ्यांचं होतं तिथं. २१ ऑक्टोबर २०१८ ला गिटहबचं दोन ठिकाणांमधलं नेटवर्क फक्त ४३ सेकंद तुटलं, फेलओव्हर दुसऱ्या किनाऱ्यावर झाला, दोन्हीकडं दुसरीकडं नसलेलं लिखाण राहिलं आणि सगळं पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली.

विद्यानगरी

दोन मशीनवर नको, हे मान्य. पण माणूस फोन करेल यावर मी विसंबणार नाही. त्या दिवशी कुणी केला नाही, आणि पुरात फोनही लागत नाहीत.

तिसरं मत हवं. पॅट्रोनीत प्रायमरीची किल्ली ईटीसीडी नावाच्या सामायिक नोंदवहीत असते आणि तिथं बहुमत लागतं, तीन सदस्यांत दोघांचं. ज्याच्या हातात किल्ली तोच प्रायमरी. किल्लीची मुदत मुळात ३० सेकंदांची. ती वेळेत नवी करता आली नाही तर प्रायमरी स्वतःहून लिहिणं थांबवतो. हीच गोष्ट त्या दिवशी 'मुख्य'नं करायला हवी होती. मग भूमिका विचारायची ती पॅट्रोनीलाच, ८००८ पोर्टवर /प्रायमरी. किल्ली असलेलाच २०० (हो) म्हणतो, बाकीचे ५०३ (नाही). इथं पहिल्यांदा 'मी रिकव्हरीत नाही' याऐवजी 'सगळ्यांच्या मते प्रायमरी मीच' असं उत्तर मिळतं.

पुलापलीकडचा

आमचं एक गोडाऊन गोकुळ शिरगावला आहे. तिसरं छोटं मशीन तिथं ठेवलं तर?

करवीरकन्या

नकाशा बघा ना. शाहूपुरी आणि गोकुळ शिरगाव पंचगंगेच्या एकाच बाजूला, शिरोली पलीकडं. दोन मतं एका काठाला. पुलावरची केबल तुटली की दर वेळी शाहूपुरी जिंकणार आणि कारखाना रीड-ओन्ली. पूर असेल तर एकवेळ चालेल, २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ महामार्गच बंद होता, माल तसाही निघत नव्हता. पण एरवी जेसीबीनं केबल तोडली तर भट्टी चालू, गाड्या गेटवर आणि चलन निघत नाही.

शाहूपुरीचं दुसरं दुखणं, पाणी तिथंही येतं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली की आम्ही तळमजल्यावरची मशीनं उचलायला घेतो, ४३ च्या धोका पातळीची वाट बघत नाही. ऑफिसचं मशीन उचललं की शिरोलीला गोकुळ शिरगावशी बोलावं लागेल, म्हणजे परत तोच पूल.

तिसरं मत नदीच्या हिशेबाबाहेर न्या. मुंबईतल्या क्लाउडवर छोटं मशीन घ्या, त्यावर डेटाबेस नको, नुसतं ईटीसीडी. दोन्ही ठिकाणांहून तिथं जायचा रस्ता एकमेकांपासून वेगळा ठेवा. मग मधली केबल तुटली तरी जो आधी प्रायमरी आहे तो किल्ली नवी करत राहतो आणि काम जागेवरच चालू राहतं.

खासबाग

असं असेल तर माझा विरोध नाही. फक्त ईटीसीडीचे मूळ आकडे एका खोलीतल्या मशीनसाठी आहेत, हार्टबीट १०० मिलिसेकंद आणि निवडणुकीची मुदत १००० मिलिसेकंद. मुंबईपर्यंतचा पिंग चांगला आठवडाभर मोजा, पावसात वेगळा मोजा आणि मग ते वाढवा. नाहीतर नेटची नुसती उचकी लागली तरी नेता बदलत राहील.

पुलापलीकडचा

ठरलं. प्रायमरी परत शिरोलीला आणतो, कारण गेट आणि काटा तिथं आहे. मुंबईत तिसरं मत. मशीनची नावं बदलून जागेवरून 'शिरोली' आणि 'शाहूपुरी' ठेवतो. स्क्रिप्टा कालच करवीरकन्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे बदलल्या, काल रात्रीचा डंप स्टँडबायवर झाला. शिरोलीला ब्रॉडबँडशिवाय एक ४जी राउटर घेतोय.

करवीरकन्या

राउटरचं सिम ब्रॉडबँडच्याच कंपनीचं घेऊ नका. आणि घेण्याआधी लाइनमनला विचारा की त्या टॉवरची फायबर पुलावरून कोणत्या बाजूनं आलीय. तुमच्या केबलच्याच चरातून आली असेल तर दोन्ही एकदमच तुटतील.